मी मारलेला शिपाई

मार्च लागला की वसमतच्या रस्त्यावर एसटीची खिडकी उघडी ठेवणं मला जमत नाही. दोन्ही अंगांच्या रानांतून हळद शिजत असते. तिची वाफ गाडीत शिरते आणि उतरेपर्यंत अंगावर बसून राहते. ज्यांनी तो वास घेतला नाही त्यांना तो सांगणं अवघड आहे. मातीसकट उकडलेल्या रताळ्यासारखा, पण त्यात काहीतरी कडू, औषधी. आणि मागून कापसाच्या जळत्या पऱ्हाट्यांचा धूर. परवा शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काहून बंद करून राहिल्या? हवा येऊ द्या की."

मी म्हटलं, डोकं दुखतंय.

"हळदीच्या वासानं?" त्या हसल्या. "असं माणूस आजच पाहिलं."

डोकं दुखत नव्हतं. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही. खोटं सुचतं, ते ओठांवर येतं तेव्हा त्याला हातपाय फुटलेले असतात, आणि ऐकणाऱ्याला ते खऱ्याहून खरं वाटतं. पंधराव्या वर्षी, हळदीच्या एका हंगामात, या गुणाचा मी पुरेपूर उपयोग करून घेतला.

तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. आमचं गाव हट्ट्यापासून पायी पाऊण तासावर. शाळा हट्ट्याला, पोस्ट हट्ट्याला, आणि मोठं काम निघालं तर परभणी. मी दहावीत होते. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, विहिरीखाली हळद असायची. पौष सरला की पाला कापायचा, माघात कंद खणून काढायचे, आणि मग महिना-दीड महिना रानात नुसती पिवळी धांदल. शिजवण्याआधी गड्डे आणि हळकुंडं मोडून वेगळी करावी लागतात. ते काम बायकांचं. लिंबाच्या सावलीत ढीग घालून पाच-सहा जणी बसायच्या. कटकट मोडण्याचा आवाज, मधूनच एखादीचं खोकणं, आणि पलीकडं मोठ्या कढईखालचा जाळ. त्या दिवसांत बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. नखांतली हळद तर आखाडापर्यंत निघत नसे. लग्नात पाच मिनिटं अंगाला लागते ती हळद वेगळी. ही हळद कातडी सोलते.

त्या बायकांत कौसाबाई होती. माझ्या आईपेक्षा ती वयानं मोठी, पण मी तिला कौसाबाई म्हणायचे, "ये कौसाबाई, पाणी दे" असं एकेरीत, आणि ती मला मंदाताई म्हणायची. हे असंच असतं असं मला वाटे. तिचं घर बुद्धविहाराच्या मागं. नवरा वारलेला. मोठा मुलगा मिलिंद फौजेत, आणि धाकटी शीला माझ्याच वर्गात, माझ्या पुढच्या बाकावर.

त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. हिंदीत बोलायला लावलेली. एका तुकडीचं यान दुसऱ्याच ग्रहावर कोसळतं आणि सहा शिपाई तिथं अडकतात, अशी गोष्ट. त्या ग्रहावर दोन सूर्य होते, त्यामुळे सावल्याही दोन पडायच्या. जमीन नुसती भुकटीची. ती भुकटी उडाली की माणूस दोन हातांवर दिसत नसे, आणि त्या भुकटीत कोणीतरी राहत होतं, जे शेवटपर्यंत नीट दाखवलं नाही. आमचा टीव्ही काळा-पांढरा. निम्मा वेळ पडद्यावर मुंग्या. अण्णा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आलं का?" आम्ही खालून, "आलं, आलं, गेलं!"

टीव्ही बैठकीत होता आणि बैठकीत कौसाबाईला यायला मुभा नव्हती. हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. ती ओट्यापर्यंत यायची आणि ओट्यावरून टीव्ही दिसत नसे, एवढंच. बाकीच्या बायकांनाही रविवारी सकाळी सवड कुठली? त्या उजाडताच रानात. दुपारी आईनं दिलेल्या भाकरी घेऊन मी शेतात गेले की पहिला प्रश्न ठरलेला:

"मंदाताई, शिपायाचं काय झालं वो आज?"

मग मी सांगायची. उभी राहून, हातवारे करून, भुकटीच्या वादळाचा आवाज तोंडानं काढून. वीस मिनिटांच्या भागाचा मी तास करायची. त्यांचे प्रश्न मालिका लिहिणाऱ्यालाही सुचले नसते.

"तिथं भाकरी कोण करतंय?"

"गोळ्या खातात. एक गोळी खाल्ली की पोट भरतं."

"मग दिवसभर काय करतेत ते?"

"दोन सूर्य म्हणल्यावर हळद दोन दिसांत वाळंल की," एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

परदेशी नावं त्यांना उच्चारता येईनात, म्हणून मीच नावं ठेवली. म्होरक्या होता तो साहेब. उंच होता तो लंब्या. आणि सगळ्यांत तरणा, कमी बोलणारा, मोडका वायरलेस घेऊन दिवसरात्र तारा जोडत बसणारा एक जण होता. त्याचं नाव ठेवायच्या आधीच कौसाबाई बोलली, "आमचा मिलिंद बी वायरलेसवरच हाय."

झालं. तो मिलिंद झाला.

मग त्या मालिकेत कौसाबाईचा जीव गुंतला. मिलिंदला ताप आला, मिलिंद भुकटीत वाट चुकला, मिलिंदनं साहेबाला वाचवलं. ती हळद मोडायची थांबून ऐकायची. खऱ्या मिलिंदचं पत्र दिवाळीनंतर आलं नव्हतं. पहाडात कुठंतरी होता, बर्फात, एवढंच तिला ठाऊक. पत्र वाचायची शीला, उत्तर लिहायची शीला. तीन महिने वाचायलाच काही नव्हतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा लेकाची खबर तिला माझ्या तोंडून मिळायची. ती खुळी नव्हती. तो मिलिंद वेगळा आणि हा वेगळा हे तिला पक्कं कळत होतं. पण ज्याची खबर लागत नाही, त्याच्या नावाचं कोणी कुठंतरी जिवंत आहे, याचाही माणसाला आधार होतो.

आणि मला त्याची चव लागली. एखादा माणूस तोंड उघडं ठेवून आपल्या पुढच्या शब्दाची वाट बघतोय, याच्यासारखी नशा नाही. मी मुद्दाम थांबायची. पाणी प्यायची. "सांगा की वो बाई," असं ती काकुळतीला आली की मग सांगायची.

फेब्रुवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. शीला पहिली, मी दुसरी. भूमितीत तिला पैकीच्या पैकी. आमच्या गणिताच्या बाई हट्ट्याला राहायच्या. त्या दर रविवारी सकाळी तिला घरी बोलावून फुकट शिकवायच्या. मला कधी बोलावलं नाही.

गुणपत्रक अण्णांच्या हातात दिलं तेव्हा ते ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला साबण. "पहिलं कोण?" म्हणाले. मी नाव सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि हसले. मारलं असतं तर मी विसरले असते.

"कौसीची पोरगी," अण्णा म्हणाले. "मग असं कर मंदे. उद्यापासून तू जा हळद मोडायला. तिला इथं बसवू, आपल्या टेबलावर. अक्कल तिकडं हाय तर पुस्तकं तिकडं जाऊ द्या."

कौसाबाई त्या वेळी अंगणात गोणपाट झटकत होती. तिनं ऐकलं. ती मान खाली घालून झटकतच राहिली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. लेकीच्या कौतुकाचं असेल. कोणत्या आईला आनंद होणार नाही? मला मात्र ती मला हसली असं वाटलं. मी ते डोक्यात ठेवलं.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. मधल्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. वीज होती, मुंग्या नव्हत्या, त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसलं. यान दुरुस्त होतं, पण उडेपर्यंत कोणीतरी खाली राहून वायरलेस चालू ठेवायला हवा असतो. तो पोरगा राहतो. यान वर जातं. भुकटीचं वादळ येतं. बाकीचे पाच जण वर गप्प बसलेले. आणि मग साहेब काही न बोलता यान वळवतो. ते खाली उतरतात, त्याला भुकटीतून उपसून काढतात, आणि तो डोळे उघडतो. आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. हे मुद्दाम सांगते, कारण मला काही वाटलंच नाही असं नव्हतं.

भाकरीचं टोपलं घेऊन मी रानात गेले. वाटेत ठरवलं नव्हतं. बायका ढिगाभोवती बसल्या होत्या, कढईला जाळ लागला होता, ऊन चढलं होतं. कौसाबाईनं माझ्यासाठी पोत्याची घडी सरकवली आणि विचारलं, "आज संपणार व्हतं न्हाई का? आले का घरी समदे?"

"पाच जण आले," मी म्हणाले.

हळद मोडण्याचा आवाज थांबला.

मी सांगायला लागले. वायरलेसपाशी मिलिंद कसा थांबला, यान कसं वर गेलं, वादळ कसं आलं. इथपर्यंत खरं होतं. मग मी यान वळवलंच नाही. साहेब म्हणाला, एकासाठी पाच मरू शकत नाहीत. खाली मिलिंद वायरलेसवर बोलत राहिला. आधी त्याचे पाय भुकटीत गेले, मग कंबर, मग छाती. वर सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता. लंब्यानं कानावर हात ठेवले. हे सगळं मला तिथल्या तिथं सुचत होतं आणि इतकं चांगलं मी त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

"शेवटाला काय म्हणला त्यो?" कौसाबाईनं विचारलं. आवाज अगदी साधा.

मी थांबले. पाणी प्यायले. घाई केली नाही.

"आई म्हणाला," मी सांगितलं. "तीनदा. मग आवाज बंद झाला."

म्हातारी चिडली. "असलं काहून दावतेत मेले? लेकरावाल्या बाया बघत असतेत!" दुसरीनं डोळ्याला पदर लावला. कौसाबाईनं हातातलं हळकुंड मोडलं, त्याचा अर्धा तुकडा पुन्हा मोडला, तो पुन्हा मोडला. हळकुंड असं मोडत नाहीत, माल वाया जातो. मग ती उठली, हौदावर गेली, हात धुतले. पिवळे हात धुऊन निघत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी धूत राहिली. आणि भाकर न खाता गावाकडं चालायला लागली.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. महिनाभर पोटात असलेला खडा विरघळल्यासारखं वाटलं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

सोमवारी ती कामावर आली नाही. मंगळवारीही नाही. हट्ट्याच्या पोस्टात जाऊन बसते आणि कोणी काही विचारलं तर उठून जाते, असं कळलं. बुधवारी पेपर नव्हता, गुरुवारी भूमिती. बुधवारी ऊन कलल्यावर मी ओट्यावर प्रमेयं पाठ करत बसले होते, तेव्हा शीला आली. ती आमच्याकडं कधी येत नसे. आली तरी अंगणात उभी राहायची, तशीच उभी राहिली.

"मंदा, एक काम होतं."

"काय?"

"आईनं रविवारपासून अन्नाला हात लावला न्हाई. म्हणते मिलिंद गेला. मला सपान पडलं न्हाई, सांगावा आलाय म्हणते. तू तिला येऊन सांग, तसं नव्हतं म्हणून."

"कसं नव्हतं?"

शीलानं माझ्याकडं सरळ बघितलं. "मी बी बघितला त्यो भाग. बाईंच्या घरी. ते परत येतेत त्याला न्यायला."

मला कान तापल्याचं आठवतं. पकडली गेले म्हणून. केलं त्याची लाज वाटली असं नव्हे.

"मग तू सांग ना तिला," मी म्हणाले.

"सांगितलं. दहा वेळा सांगितलं. ती म्हणते, तू माझी लेक हाईस, मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. मंदाताई काहून खोटं बोलंल, तिचा काय संबंध." शीलाचा आवाज बारीक झाला. "तू नुसतं दोन मिनिटं ये. चुकून सांगितलं म्हण. मस्करी केली म्हण. काय बी म्हण. मी कोणाला बोलणार न्हाई."

दोन मिनिटं. विहार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. मी पुस्तकात बोट घालून बसले होते. ते बोट मी काढलं नाही.

"उद्या पेपर आहे गं," मी म्हणाले. "शुक्रवारी येते. नक्की."

ती म्हणाली, "तुला अभ्यासाला तकलीफ दिली," आणि गेली. हे ती टोमणा म्हणून बोलली असेल का, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. नसावं. तिला टोमणे मारायची सवय नव्हती.

मी आज नांदेडला शाळेत शिकवते. दर मार्चला परीक्षेवर असते. घंटा होते, उत्तरपत्रिका वाटून होतात, आणि एखादं बाक रिकामं राहतं. अर्धा तास वाट बघायची असते, मग त्या क्रमांकापुढं 'गैरहजर' लिहायचं. बरोबरीचे शिक्षक ते सहज लिहितात. एक जण मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढं दाराकडं काय बघता? यायचं असतं तर आलं असतं." अर्ध्या तासाची मुदत संपल्यावर आणखी एकोणतीस मिनिटांनी आलेल्या पोरीला आत घेतलं म्हणून मला एकदा लेखी समज मिळाली आहे. त्यानं काही फिटत नाही.

त्या गुरुवारी माझ्या पुढचं बाक रिकामं होतं. पर्यवेक्षकांनी दोनदा नाव पुकारलं. गणिताच्या बाई पेपर सुरू झाल्यावरही शाळेच्या फाटकापाशी उभ्या होत्या, ते खिडकीतून मला दिसत होतं. मी पहिलं प्रमेय लिहिलं. आकृती चांगली आली. पेन्सिलीला टोक होतं. मी लिहीत राहिले.

काय झालं ते संध्याकाळी गावात कळलं. उजाडायच्या सुमारास कौसाबाई निघून गेली होती. परभणीला फौजेच्या लोकांचं कचेरीत काहीतरी काम चालतं, तिथं मेलेल्यांची यादी असते, असं तिला पोस्टात कोणीतरी सांगितलं होतं. शीला उठली तर अंथरूण रिकामं. ती कंपासपेटी आणि हॉलतिकीट घेऊनच मागं धावली. आईला वाटेत गाठून परत आणू, आणि तशीच परीक्षेला जाऊ, असा तिचा हिशेब असणार. आई तिला फाट्यावर सापडली. परभणीच्या गाडीत चढत होती. शीला म्हणाली, "आई, उतर, माझा पेपर हाय." आई म्हणाली, "तू जा. मी बघून येते मिलिंद यादीत हाय का." चार दिवसांची उपाशी बाई, अक्षरओळख नाही, परभणी आयुष्यात दोनदा पाहिलेली. शीला गाडीत चढली.

परभणीच्या स्थानकावर कौसाबाई चक्कर येऊन पडली. डोक्याला खोक पडली. दवाखान्यात तिला सलाइन लावलं तेव्हा अकरा वाजत होते, पेपर सुरू व्हायची वेळ. तिथं भिंतीवर घड्याळ होतं, हे मला शीलानंच पुढं सांगितलं.

शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिलिंद आला. धडधाकट. गोरा झालेला, खांद्यावर हिरवी ट्रंक. रस्ते बर्फानं बंद होते म्हणून टपाल अडकलं होतं. त्याची चार पत्रं तो आल्यावर दोन दिवसांनी हट्ट्याच्या पोस्टात एकदम पोचली. अख्खं गाव विहारापाशी जमलं. कौसाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि त्याच्या दोन्ही गालांवर पिवळे पट्टे उमटले. लोक हसले. मीही त्या गर्दीत उभी होते. तिनं मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर हाक मारली, "मंदाताई, आला बघा!" माझ्या हातात तिनं साखर घातली. मी ती खाल्ली.

निकाल लागला. मी केंद्रात पहिली आले. अण्णांनी पेढे वाटले आणि बैठकीत बसून येईल त्याला गुणपत्रक दाखवलं. शीला एका विषयात नापास, बाकी सगळ्यांत माझ्या पुढं. ऑक्टोबरला तो एक पेपर देता आला असता. गणिताच्या बाई दोनदा गावात येऊन गेल्या, फॉर्म मी भरते म्हणाल्या. पण मिलिंदची रजा संपायच्या आत बहिणीचं लग्न उरकायचं होतं, पुन्हा तो कधी येईल आणि येईल का, या धास्तीनं आईनं घाई केली. जूनमध्ये लग्न झालं. मुलगा कनेरगाव नाक्याचा. तिच्या हळदीला मला बोलावणं होतं. मी तालुक्याला अकरावीचा फॉर्म आणायला गेले.

त्यानंतर शीला मला भेटली ती नऊ वर्षांनी. मी प्रशिक्षणासाठी वाशिमला निघाले होते. कनेरगाव नाक्यावर गाडी चहाला थांबली. धाब्याच्या मागच्या पत्र्याखाली एक बाई भाकरी थापत होती. हात ओळखीचे वाटले, मग मान, मग ती सगळी. तिनंही ओळखलं. "बस," म्हणाली, आणि पाट सरकवला. धाबा तिच्या दिराचा. तिला दोन मुली. पोरी समोर पोत्यावर बसून पाटीवर काहीतरी लिहीत होत्या. थोरलीनं त्रिकोण काढला होता आणि शीला भाकरी उलटता उलटता सांगत होती, "तिन्ही कोन मिळून किती? मोज. मनानं सांगू नको, मोज."

मी विचारलं, आई कशी आहे? गेल्या वर्षी वारली, म्हणाली.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं घोकलेलं बोलायला मी सुरुवात केली. शीला, त्या वर्षी मी जे सांगितलं, ते मुद्दाम... तिनं पिठाचा हात वर केला.

"थांब. तुला एक सांगते. आई मरेपर्यंत तुझं नाव घ्यायची. म्हणायची, मंदाताईनं मला सांगावा दिला म्हणून मी उपास धरला, परभणीला गेले, रक्त सांडलं, म्हणून माझं लेकरू वाचलं. विहारात कोणी आलं की हेच. पोरींना बी हेच सांगितलं तिनं. मामाला कोणी वाचवलं? मंदामावशीनं."

मला बसवेना.

"तू तिला खरं सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तिला एक लेकरू मिळालं असं वाटत व्हतं. त्यापायी दुसऱ्या लेकराचं काय गेलं, ते तिला कळू द्यायचं व्हतं का मी?"

तव्यावरची भाकर फुगली. तिनं ती काढून निखाऱ्यावर टाकली. कंडक्टरनं घंटा मारली. मी म्हणाले, "शीला, तुला माझा राग येत नाही का?"

"येतो की," ती म्हणाली. अगदी सहज, वर न बघता. "रोज येतो. पण तुला सांगून काय करू? ते बी तू कोणाला तरी लई छान सांगशील."